प्रॉक्समॉक्समध्ये अडकलेला बॅकअप: कुलूप सगळ्यात शेवटी काढा

प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली, वापरत असाल तर हे ओळखीचं असेल: रात्री दोनला लागलेला बॅकअप सकाळी दहालाही ‘रनिंग’ दिसतो. स्टॉप दाबून उपयोग होत नाही. व्हर्च्युअल मशीन बंद करायला गेलं की ते बॅकअपसाठी लॉक असल्याचा निरोप येतो. नेटवर शोधलं की बहुतेक ठिकाणी एकच उपाय सापडतो: ‘क्यूएम अनलॉक १०१’. तो चालतोही. निरोप जातो, मशीन हातात येतं, आणि त्याच रात्री पुढचा बॅकअप पुन्हा पडतो. किंवा जुना बॅकअप मागे अर्धवट चालू असतानाच कोणीतरी मशीन दुसऱ्या नोडवर (प्रॉक्समॉक्सच्या दुसऱ्या सर्व्हरवर) हलवायला घेतं आणि प्रकरण चिघळतं.

अनलॉक ही कमांड मशीनच्या कॉन्फिग फाइलमधली एक ओळ पुसते, बाकी काही करत नाही. बॅकअपची प्रोसेस जिवंत असेल तर ती तशीच राहते. क्यूएमूच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत चालू असलेलं काम, गेस्टमध्ये (मशीनच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) गोठलेली फाइलसिस्टिम, मागे राहिलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती), नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर) पडलेली अर्धी फाइल, यातल्या कशालाही ती हात लावत नाही. म्हणून क्रम उलटा हवा. आधी काय जिवंत आहे ते शोधायचं, मग काय मागे राहिलंय ते आवरायचं आणि कुलूप सगळ्यात शेवटी काढायचं. खालचं सगळं प्रॉक्समॉक्स व्हीई आणि त्याच्या व्हीझेडडम्प या बॅकअप साधनाबद्दल आहे. व्हर्च्युअल मशीनचा नंबर १०१ आणि कंटेनरचा (नोडचाच कर्नल वापरणाऱ्या हलक्या मशीनचा) १०५ धरलाय.

कुलपं तीन आहेत

‘लॉक’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कुलूप म्हणजे ‘/ईटीसी/पीव्हीई/क्यूएमू-सर्व्हर/१०१.कॉन्फ’ या फाइलमधली ‘लॉक: बॅकअप’ ही ओळ. दाराला अडकवलेल्या ‘आत काम चालू आहे’ या पाटीसारखी. आत खरंच कोणी आहे का, हे पाटीवरून कळत नाही. ‘/ईटीसी/पीव्हीई’ ही साधी डिरेक्टरी नसून क्लस्टरभर (एकत्र जोडलेल्या सगळ्या नोडवर) पसरलेली, मागे डेटाबेस असलेली फाइलसिस्टिम आहे, त्यामुळे नोड रीबूट केला तरी ओळ टिकते. नोड चालू होताना पीव्हीई-गेस्ट्स ही सेवा मागे उरलेलं ‘बॅकअप’ कुलूप काढते, पण ‘स्नॅपशॉट’ किंवा ‘स्नॅपशॉट-डिलीट’ या प्रकारची कुलपं तशीच राहतात. ‘रीबूट करून पाहिलं, तरी कंटेनर लॉकच आहे’ अशी तक्रार येते ती यामुळे. आणखी एक शक्यता तपासून घ्या. बॅकअप संपताना क्लस्टरचा कोरम (निम्म्याहून जास्त नोडची सहमती) गेलेला असेल तर ‘/ईटीसी/पीव्हीई’ फक्त वाचण्यापुरती उरते आणि व्हीझेडडम्पला ती ओळ पुसताच येत नाही. ‘पीव्हीईसीएम स्टेटस’ एकदा बघितलं की हे समजतं.

दुसरं कुलूप ‘/व्हार/लॉक/क्यूएमू-सर्व्हर/लॉक-१०१.कॉन्फ’ या फाइलवर असतं. याचा निरोप वेगळा असतो: ‘कान्ट लॉक फाइल’ आणि शेवटी ‘गॉट टाइमआउट’. याचा अर्थ कुठलीतरी प्रोसेस या क्षणी ती फाइल धरून बसली आहे. इथे ‘क्यूएम अनलॉक’ कामाला येत नाही, कारण त्या कमांडलाही आधी तेच कुलूप मिळवावं लागतं. ‘फ्यूझर -व्ही’ ला त्या फाइलचा पत्ता द्या, धरून बसलेल्या प्रोसेसचा पीआयडी (ओळख क्रमांक) मिळेल. पुढचा तपास त्या पीआयडीचा.

तिसरं म्हणजे ‘/व्हार/रन/व्हीझेडडम्प.लॉक’. एका नोडवर एका वेळी एकच व्हीझेडडम्प चालावा म्हणून ते असतं. दुसरा बॅकअप सुरू झाला की त्याच्या लॉगमध्ये ‘ट्राइंग टू गेट ग्लोबल लॉक’ अशी ओळ येते आणि तो वाट पाहत बसतो. ‘लॉकवेट’ हे मूल्य बदललं नसेल तर १८० मिनिटं. रात्रीचा एक बॅकअप अडकला की पहाटेचे बाकीचे सगळे तीन तासांनी टाइमआउट होऊन पडतात. सकाळी मेलमध्ये पाच-सहा अपयशं दिसली तरी मूळ दुखणं बहुधा पहिल्याचंच असतं.

ही फाइल हातानं पुसायचा सल्ला अनेक जण देतात. तो कृपा करून ऐकू नका. कुलूप फाइलच्या असण्यानसण्यावर नाही, कर्नलनं उघड्या फाइलवर धरलेल्या कुलपावर, म्हणजे एफलॉकवर, आहे. प्रोसेस मेली की ते आपोआप सुटतं, मग फाइल पुसायची गरजच नसते. प्रोसेस जिवंत असताना फाइल पुसली तर जुनी प्रोसेस जुन्या आयनोडवरचं (डिस्कवरच्या मूळ फाइलवरचं) कुलूप धरून राहते, नवी प्रोसेस त्याच नावाची नवी फाइल बनवून तिच्यावर कुलूप घेते, आणि नोडवर दोन व्हीझेडडम्प एकाच वेळी धावू लागतात. जे टाळण्यासाठी ही व्यवस्था केली, नेमकं तेच होतं.

टास्क खरंच जिवंत आहे का

प्रत्येक टास्कला एक यूपीआयडी असतो. पॅनेलमध्ये त्या टास्कवर दोनदा क्लिक करून स्टेटस टॅब उघडला की तो पूर्ण दिसतो. साधारण असा:

यूपीआयडी:नोड१:००००ए१बी२:०१२सी३डी४ई:६५एफ०ए१बी२:व्हीझेडडम्प:१०१:रूट@पॅम:

कोलनच्या मध्ये अनुक्रमे नोडचं नाव, प्रोसेसचा पीआयडी, ती प्रोसेस कर्नलच्या हिशोबानं केव्हा सुरू झाली तो आकडा, टास्क लागल्याची वेळ सेकंदांत, टास्कचा प्रकार, मशीनचा नंबर आणि वापरकर्ता. मधले तिन्ही आकडे सोळाच्या पायातले आहेत. वरच्या उदाहरणात पीआयडी ‘ए१बी२’ म्हणजे दशमानात ४१३९४. ‘पीएस -पी ४१३९४ -ओ पीआयडी,स्टॅट,इटाइम,आर्ग्ज’ चालवलं की प्रोसेस आहे की नाही ते दिसतं. सुरुवातीचा आकडा यूपीआयडीत असल्यामुळे नंतर तोच पीआयडी दुसऱ्या कुठल्या प्रोसेसला मिळाला तरी प्रॉक्समॉक्स फसत नाही. हातानं तपासताना मात्र तुम्ही फसू शकता, म्हणून आर्ग्जच्या रकान्यात व्हीझेडडम्प किंवा तोच यूपीआयडी दिसतोय याची खात्री करा.

प्रोसेस नसेल तर टास्क मेलेला आहे आणि मागे फक्त पसारा उरलाय. असेल तर स्टॅटच्या रकान्यातलं पहिलं अक्षर बघा. ‘एस’ असेल तर ती कशाची तरी वाट बघतेय आणि टर्म सिग्नलला (‘आवरून बंद हो’ या विनंतीला) उत्तर देईल. ‘डी’ असेल तर ती कर्नलमध्ये आयओवर (डिस्क किंवा नेटवर्कच्या वाचन-लेखनावर) अडकली आहे. तिचा पुढे वेगळा विचार करू.

एस अवस्थेतल्या प्रोसेसला थांबवताना घाई नको. पॅनेलमधलं स्टॉप बटण आधी टर्म पाठवतं, पाच सेकंद थांबतं, आणि प्रोसेस तेवढ्यात आवरली नाही तर सरळ किल, म्हणजे आवरू न देता मारणं. व्हीझेडडम्पला टर्म मिळाल्यावर बरंच आवरायचं असतं: क्यूएमूमधलं काम रद्द करणं, अर्धी फाइल पुसणं, कॉन्फिगमधली ओळ काढणं. नॅस रेंगाळत असेल तर हे पाच सेकंदांत होत नाही. स्टॉप दाबल्यामुळेच मागे पसारा राहतो, असं अनेकदा होतं. त्याऐवजी नोडच्या शेलवर जाऊन ‘किल -टर्म ४१३९४’ द्या आणि दोन-तीन मिनिटं टास्कचा लॉग बघत थांबा. ‘व्हीझेडडम्प --स्टॉप १’ हाही पर्याय आहे. त्या नोडवर चालू असलेला बॅकअप तो थांबवतो.

डी अवस्था आणि न बोलणारा नॅस

अडकलेल्या बॅकअपांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे एनएफएस, नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरचं फोल्डर वापरण्याची पद्धत. नॅस रीबूट झाला, त्याच्या डिस्क झोपल्या, स्विचचं पोर्ट पडलं, किंवा नॅसचा पूल (डिस्क एकत्र करून केलेली जागा) काठोकाठ भरून तो लिहायला मिनिटं लावू लागला. एनएफएस माउंट मूळ सेटिंगमध्ये ‘हार्ड’ असतं, म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत क्लायंट कायम वाट बघतो. ‘डीमेसेज -टी’ मध्ये ‘नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ अशी ओळ आणि तिच्या आगेमागे ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स’ या अर्थाच्या ओळी दिसल्या तर पुढे शोधायची गरज नाही.

तपासताना स्वतःचं टर्मिनल अडकवून घेऊ नका. नुसतं ‘डीएफ’ मेलेल्या माउंटवर लटकतं. ‘डीएफ -एल’ फक्त स्थानिक फाइलसिस्टिम दाखवतं. माउंट बघायचं तर ‘टाइमआउट ५ स्टॅट /एमएनटी/पीव्हीई/नॅस१’ असं बघा. पॅनेलमध्ये सगळ्या मशीनवर राखाडी प्रश्नचिन्हं आली असतील तर पीव्हीईस्टॅटडी ही मशीनची स्थिती गोळा करणारी सेवाही त्याच माउंटवर अडकली आहे. अशा वेळी ‘पीव्हीईएसएम सेट नॅस१ --डिसेबल १’ करून ते स्टोरेज तात्पुरतं बंद करा, म्हणजे प्रॉक्समॉक्स दर काही सेकंदांनी पुन्हा तिथे डोकं आपटत नाही.

मग पहिला उपाय नोडवर नव्हे, नॅसवर करायचा. नॅसनं उत्तर द्यायला सुरुवात केली की हार्ड माउंटवर थांबलेली प्रोसेस आपोआप जागी होते. ती बॅकअप पुढे नेते किंवा चूक दाखवून नीट बाहेर पडते, आणि दोन्ही वेळा स्वतःचा पसारा स्वतः आवरते. यापेक्षा स्वच्छ सुटका दुसरी नाही. नॅस परत येण्यासारखा नसेल तरच ‘किल -किल’. एनएफएसवर थांबलेली प्रोसेस बऱ्याचदा या सिग्नलनं मरते. नाही मेली तर ‘यूमाउंट -एफ’ ताटकळलेल्या विनंत्या तोडतं. ते एकापेक्षा जास्त वेळा चालवावं लागू शकतं. ‘यूमाउंट -एल’ नं फक्त माउंट नजरेआड होतं, अडकलेली प्रोसेस अडकलेलीच राहते. ते करून ‘झालं’ समजू नये.

काहीच लागू पडलं नाही तर नोड रीबूट करावा लागतो. त्याआधी बाकीची मशीन दुसऱ्या नोडवर हलवून घ्या. मेलेलं माउंट असताना शटडाउनसुद्धा अनमाउंटपाशी लटकू शकतं, म्हणून नोडच्या आयपीएमआय किंवा तत्सम दूरस्थ पॉवर कंट्रोलचा पासवर्ड हाताशी असू द्या.

‘सॉफ्ट’ माउंट, म्हणजे ठराविक वेळेनंतर वाट बघणं सोडून चूक देणारं, करावं का, हा नेहमीचा प्रश्न. ज्या एक्सपोर्टवर (नॅसनं दिलेल्या फोल्डरवर) मशीनच्या डिस्क आहेत तिथे अजिबात नाही. वेळ संपली की गेस्टला लिहिण्याची चूक मिळते आणि त्याची फाइलसिस्टिम खराब होऊ शकते. ज्या एक्सपोर्टवर फक्त बॅकअप जातात तिथे मी सॉफ्ट ठेवण्याच्या बाजूचा आहे. बॅकअप लटकण्यापेक्षा पडलेला बरा, कारण पडलेल्याचा मेल येतो. वाट बघण्याची वेळ ठरवणारं ‘टाइमओ’ हे मूल्य सेकंदाच्या दहाव्या भागात असतं हे विसरू नका. ६०० म्हणजे साठ सेकंद.

क्यूएमूच्या आत उरलेलं काम

व्हर्च्युअल मशीनचा ‘स्नॅपशॉट’ पद्धतीचा बॅकअप घेताना स्टोरेजवर स्नॅपशॉट होतच नाही. काम क्यूएमू स्वतः करतो. बॅकअप चालू असताना गेस्टला ज्या ब्लॉकवर लिहायचंय तो ब्लॉक अजून बॅकअपमध्ये गेलेला नसेल, तर आधी त्यातला जुना मजकूर बॅकअपच्या ठिकाणी पाठवला जातो आणि मगच नवा लिहिला जातो. यातून दोन गोष्टी निघतात. बॅकअपचं ठिकाण थांबलं की गेस्टचं लिखाणही थांबतं. ‘बॅकअप लागला की डेटाबेस लटकतो’ या तक्रारीचं मूळ इथे आहे. आणि व्हीझेडडम्पला तुम्ही किलनं मारलं तरी क्यूएमू ही वेगळी प्रोसेस असल्यामुळे बॅकअपचं काम तिच्या आत चालूच राहू शकतं. पुढचा बॅकअप मग ‘प्रीव्हियस बॅकअप नॉट फिनिश्ड’ म्हणत पहिल्याच मिनिटात पडतो.

बघायचं असं: ‘क्यूएम मॉनिटर १०१’ नं आत जा आणि ‘इन्फो बॅकअप’ टाइप करा. स्टेटस ‘ॲक्टिव्ह’ असेल तर सोबत किती बाइट गेले तो आकडा येतो. अर्ध्या मिनिटानं पुन्हा विचारा. आकडा वाढत असेल तर बॅकअप अडकलेला नाही, सावकाश चाललाय. त्याला हात लावू नका, नेटवर्क बघा. आकडा जागचा हलत नसेल आणि वर व्हीझेडडम्पची प्रोसेस नसेल तर ‘बॅकअप_कॅन्सल’ द्या, पुन्हा ‘इन्फो बॅकअप’ नं खात्री करा आणि ‘क्विट’ नं बाहेर या. हे ‘क्विट’ प्रॉक्समॉक्सच्या मॉनिटरच्या प्रॉम्प्टवरच टाइप करा. दुसऱ्या मार्गानं थेट क्यूएमूच्या मॉनिटरला जोडला असाल तर याच शब्दानं मशीन बंद पडतं.

मॉनिटरच उत्तर देत नसेल, ‘क्यूएमपी’ आणि ‘टाइमआउट’ असे शब्द असलेले निरोप येत असतील, तर क्यूएमू स्वतःच आयओवर अडकलाय. पुन्हा स्टोरेजकडे चला. स्टोरेज सुधारत नसेल तर मशीन बंद करण्यावाचून मार्ग राहत नाही.

बंद असलेल्या मशीनचा बॅकअप हा वेगळाच सापळा आहे. मशीन बंद असलं तरी बॅकअप क्यूएमूच करतो, म्हणून व्हीझेडडम्प ते मशीन गोठलेल्या अवस्थेत सुरू करतो. गेस्ट बूट होत नाही, प्रोसेस मात्र उभी राहते. मधेच व्हीझेडडम्प मारला गेला तर ती प्रोसेस तशीच राहते. पॅनेलमध्ये मशीन ‘रनिंग’ दिसतं, कन्सोल काळा, पिंगला उत्तर नाही. ‘क्यूएम स्टेटस १०१ --व्हर्बोज’ मध्ये ‘क्यूएमपीस्टेटस: प्रीलाँच’ अशी ओळ दिसली की निदान पक्कं. आत काही चालूच नसल्यामुळे ‘क्यूएम स्टॉप १०१ --स्किपलॉक’ निर्धास्त चालवता येतं. ‘स्किपलॉक’ फक्त रूटला वापरता येतं.

८.२ या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, फ्लीसिंगची सोय आली आहे. जुने ब्लॉक सरळ नॅसवर न जाता आधी जवळच्या वेगवान डिस्कवरच्या तात्पुरत्या इमेजमध्ये जातात, त्यामुळे नॅस रेंगाळला तरी गेस्ट लटकत नाही. व्यस्त डेटाबेस असलेल्या मशीनसाठी हे चालू कराच. मात्र बॅकअप अर्ध्यावर कोसळला तर ‘व्हीएम-१०१-फ्लीस-०’ अशा नावाची इमेज मागे राहू शकते. बॅकअप चालू नाही याची खात्री झाल्यावर ‘पीव्हीईएसएम लिस्ट लोकल-एलव्हीएम’ मध्ये ती शोधा. एलव्हीएमवर (लिनक्सच्या डिस्क विभागण्याच्या व्यवस्थेवर) असेल तर ‘एलव्हीएस’ च्या ॲट्रिब्यूटमधल्या सहाव्या जागी ‘ओ’ आहे का बघा. ‘ओ’ म्हणजे ती अजून उघडी आहे, पुसू नका. नसेल तर ‘पीव्हीईएसएम फ्री’ नं काढा.

गेस्टमध्ये गोठलेली फाइलसिस्टिम

गेस्ट एजंट (गेस्टच्या आत चालणारा, नोडशी बोलणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर बॅकअपच्या सुरुवातीला व्हीझेडडम्प गेस्टच्या फाइलसिस्टिम क्षणभर गोठवतो आणि लगेच मोकळ्या करतो. या दोन क्षणांच्या मध्ये काही बिघडलं तर गेस्ट पिंगला उत्तर देतो, एसएसएचचा पासवर्डही विचारतो, पण लॉगिन पूर्ण होत नाही, कारण गोठलेल्या डिस्कवर लॉगची एक ओळही लिहिता येत नाही. ‘क्यूएम गेस्ट सीएमडी १०१ एफएसफ्रीझ-स्टेटस’ चालवा. उत्तर ‘फ्रोझन’ आलं तर ‘एफएसफ्रीझ-थॉ’ द्या. बहुतेक वेळा मशीन त्याच क्षणी श्वास घेतं.

थॉलाही उत्तर येत नसेल तर एजंट स्वतः अडकलाय. लिनक्स गेस्टमध्ये याचं ओळखीचं कारण म्हणजे लूप डिव्हाइसवर, म्हणजे डिस्कसारख्या वापरलेल्या एका फाइलवर, माउंट केलेली फाइलसिस्टिम. काही होस्टिंग पॅनेल ‘/टीएमपी’ अशा पद्धतीनं एका फाइलवर बनवतात. खालची फाइलसिस्टिम आधी गोठली की वरच्या लूपवाल्या फाइलसिस्टिमला गोठताना शिल्लक डेटा खाली लिहिता येत नाही, आणि दोघी एकमेकींकडे बघत बसतात. मशीन सक्तीनं रीसेट करावं लागतं. पुन्हा होऊ नये म्हणून ती ‘/टीएमपी’ लूपवरून हलवा. ते जमत नसेल तर ‘क्यूएम सेट १०१ --एजंट इनेबल्ड=१,फ्रीझ-एफएस-ऑन-बॅकअप=०’ असं करा. यानंतरचा बॅकअप वीज अचानक गेल्यावर डिस्क जशी असते तशा स्थितीचा असेल. फाइलसिस्टिमचा जर्नल ते सावरतो, पण डेटाबेसचा वेगळा डम्प घेत राहा.

विंडोज गेस्टमध्ये हेच काम व्हीएसएस (विंडोजची स्नॅपशॉट सेवा) करतो. तिथे ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स’ मध्ये कुठला रायटर ‘फेल्ड’ आहे ते बघून त्याची सेवा रीस्टार्ट करणं हा पहिला उपाय.

कंटेनरचा विसरलेला स्नॅपशॉट

कंटेनरच्या मागे क्यूएमू नसतो, त्यामुळे तिथे खराखुरा स्टोरेज स्नॅपशॉट घेतला जातो. त्याचं नाव कायम ‘व्हीझेडडम्प’. तो ‘/एमएनटी/व्हीझेडस्नॅप०’ वर माउंट होतो, त्यातून डेटा वाचला जातो आणि शेवटी पुसला जातो. बॅकअप मधेच मेला की स्नॅपशॉट राहतो. कंटेनर ‘स्नॅपशॉट-डिलीट’ या कुलपात अडकलेला दिसतो, आणि पुढचा बॅकअप त्या नावाचा स्नॅपशॉट आधीच असल्याची तक्रार करू शकतो.

आवरण्याचा क्रम असा. व्हीझेडडम्प चालू नाही हे बघा. ‘फाइंडएमएनटी /एमएनटी/व्हीझेडस्नॅप०’ नं माउंट शिल्लक आहे का बघा, असेल तर अनमाउंट करा. हे राहून गेलं तर झेडएफएस (स्टोरेजची एक फाइलसिस्टिम) ‘डेटासेट इज बिझी’ म्हणत पुसायला नकार देतो. स्टोरेज ‘सेफ’ (अनेक नोडवर पसरलेली साठवण) असेल तर ‘आरबीडी शोमॅप्ड’ मध्ये मॅपिंग उरलेलं असतं, ते ‘आरबीडी अनमॅप’ नं काढा. मग ‘पीसीटी अनलॉक १०५’ आणि लगोलग ‘पीसीटी डेलस्नॅपशॉट १०५ व्हीझेडडम्प’. इथे अनलॉक शेवटून दुसरं येतं, कारण कुलूप असताना स्नॅपशॉट पुसता येत नाही. स्टोरेजवरचा स्नॅपशॉट आधीच गेलाय पण कॉन्फिगमध्ये नोंद राहिली आहे असं असेल तर ‘--फोर्स’ जोडा.

याच्या उलट प्रकार जास्त घातक: कॉन्फिगमध्ये काहीच नाही, स्टोरेजवर मात्र स्नॅपशॉट आहे. पॅनेल तो दाखवत नाही. झेडएफएसवर ‘झेडएफएस लिस्ट -टी स्नॅपशॉट’ मध्ये शेवटी ‘@व्हीझेडडम्प’ असलेली नावं शोधा. एलव्हीएम-थिनवर (पूलमधून लागेल तशी जागा देणाऱ्या एलव्हीएमवर) नाव ‘स्नॅप_व्हीएम-१०५-डिस्क-०_व्हीझेडडम्प’ असं असतं. असा स्नॅपशॉट महिनोन्महिने पडून राहिला की कंटेनरमध्ये बदललेला प्रत्येक जुना ब्लॉक तो धरून ठेवतो. कंटेनरमध्ये ४० जीबी वापरात दिसतात आणि पूल मात्र भरत जातो. थिन पूल शंभर टक्के भरला तर त्या एका कंटेनरचंच नव्हे, त्या पूलवरच्या प्रत्येक मशीनचं लिखाण अडतं. ‘एलव्हीएस’ मधला ‘डेटा%’ आणि ‘मेटा%’ हे दोन्ही रकाने बघायची सवय ठेवा. मेटाडेटा भरला तर सुधारणं डेटा भरण्यापेक्षा जास्त कठीण जातं. पुसताना ‘एलव्हीरिमूव्ह’ ला पूर्ण नाव द्या आणि एंटर दाबण्याआधी ते पुन्हा वाचा. सुरुवातीचं ‘स्नॅप_’ आणि शेवटचं ‘_व्हीझेडडम्प’ सोडलं तर नाव जिवंत डिस्कचंच आहे.

अर्ध्या फाइली

डिरेक्टरी किंवा एनएफएस स्टोरेजवर बॅकअप लिहिला जात असताना फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.डॅट’ असतं. पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलून ‘.व्हीएमए.झेडएसटी’ होतं. शिवाय ‘.टीएमपी’ नावानं संपणारी एक डिरेक्टरी बनते. बॅकअप मेला की दोन्ही तिथेच राहतात. पॅनेलच्या बॅकअप यादीत त्या दिसत नाहीत, जुने बॅकअप छाटणारा नियमही त्यांना ओळखत नाही. चार-पाच अपयशी रात्रींनंतर नॅसवर शेकडो जीबी नाहीसे झालेले असतात आणि सहाव्या रात्रीचा बॅकअप जागेअभावी पडतो. ‘डम्प’ डिरेक्टरीत ‘फाइंड . -नेम "*.डॅट" -एमटाइम +२ -एलएस’ चालवून यादी बघा, ‘फ्यूझर’ नं कोणी उघडी ठेवली नाही ना ते तपासा, मग पुसा. एकापेक्षा जास्त नोड त्याच नॅसवर लिहीत असतील तर फ्यूझर फक्त स्वतःच्या नोडचं सांगतं, म्हणून निदान तीन दिवस जुन्या फाइलींचीच अट ठेवलीय (‘+२’ चा अर्थ तोच). कंटेनर ‘सस्पेंड’ पद्धतीनं घेत असाल तर ‘/व्हार/टीएमपी’ मध्ये ‘व्हीझेडडम्पटीएमपी’ नं सुरू होणाऱ्या डिरेक्टऱ्याही बघा. त्या नोडची रूट डिस्क भरतात.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरत असाल तर हा त्रास बराच कमी. क्लायंट तुटला की सर्व्हर ‘रिमूव्हिंग अनफिनिश्ड बॅकअप’ म्हणत अर्धवट नोंद स्वतः काढतो. आधीच वर गेलेले चंक (डेटाचे तुकडे) मात्र गार्बेज कलेक्शनपर्यंत (नको असलेले तुकडे पुसले जाईपर्यंत) राहतात, आणि ते कलेक्शन मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या २४ तास ५ मिनिटांत वापरलेल्या चंकना हात लावत नाही. त्यामुळे लगेच चालवून जागा मोकळी झाली नाही तर काही बिघडलेलं नाही, उद्या चालवा. पण सर्व्हरवर एखादा बॅकअप टास्क दिवसेंदिवस लटकलेला असेल तर ही मर्यादा त्या टास्कच्या सुरुवातीपर्यंत मागे सरकते, आणि कलेक्शन रोज ‘ओके’ होऊनही अपेक्षित जागा सुटत नाही. सर्व्हरच्या टास्क यादीत सगळ्यात जुना ‘रनिंग’ टास्क कुठला ते बघा. प्रॉक्सी सेवा रीस्टार्ट करून तो जाईल असं समजू नका. चालू टास्क असेपर्यंत जुनी प्रोसेस मागे जिवंत ठेवली जाते.

आता कुलूप

प्रोसेस नाही, ‘इन्फो बॅकअप’ शांत, फाइलसिस्टिम ‘थॉड’, स्नॅपशॉट नाही, फाइली आवरल्या. आता ‘क्यूएम अनलॉक १०१’. कॉन्फिग फाइल एडिटरमध्ये उघडून ती ओळ हातानं खोडू नका. कमांड फाइलचं कुलूप घेऊन बदल करते, एडिटर घेत नाही. बंद केलेलं स्टोरेज ‘--डिसेबल ०’ नं पुन्हा चालू करा आणि त्याच एका मशीनचा बॅकअप दिवसाउजेडी हातानं लावून पूर्ण होऊ द्या. बॅकअप सर्व्हरवर जाणारा असेल तर लॉगमध्ये डर्टी बिटमॅप (कुठले ब्लॉक बदलले त्याची नोंद) नव्यानं बनवल्याची ओळ येईल आणि पूर्ण डिस्क वाचली जाईल. रोज चार मिनिटांत होणारा बॅकअप त्या दिवशी तासभर चालला तरी थांबवू नका. पुढच्या दिवसापासून तो मूळ वेळेवर येतो.

मूळ कारण शोधायला ‘जर्नलसीटीएल -यू पीव्हीईशेड्यूलर’ आणि कर्नलचा लॉग त्याच तासाचा समोरासमोर ठेवा. ७.१ आवृत्तीपासून बॅकअप क्रॉन नव्हे, पीव्हीईशेड्यूलर लावतो. दर वेळी बॅकअप आणि कोरम एकाच सुमाराला जात असेल तर बॅकअपची रहदारी आणि कोरोसिंक (नोडना एकमेकांशी जोडून कोरम सांभाळणारी सेवा) एकाच तारेवर आहेत. कोरोसिंकला वेगळं नेटवर्क द्या, निदान ‘बीडब्ल्यूलिमिट’ ही वेगमर्यादा लावून बॅकअपला जरा आवरा.

राहिलेले टास्क आणखी एका प्रकारचे असतात: मशीन केव्हाच पुसलं, पण बॅकअपच्या जॉबमध्ये त्याचा नंबर तसाच. रोज रात्री ‘अनेबल टू फाइंड व्हीएम’ अशी चूक, रोज सकाळी लाल मेल, आणि काही आठवड्यांत तो मेल कोणी उघडत नाही. मशीन पुसताना जॉबमधूनही काढण्याचा पर्याय टिक करा. कमांडवर तो ‘क्यूएम डिस्ट्रॉय १०१ --पर्ज’ असा आहे. आधीच पुसलेल्या मशीनसाठी ‘/ईटीसी/पीव्हीई/जॉब्ज.सीएफजी’ मधली यादी ‘क्यूएम लिस्ट’ आणि ‘पीसीटी लिस्ट’ शी ताडून पॅनेलमधून दुरुस्त करा. या दोन्ही कमांड फक्त आपल्या नोडचं दाखवतात, म्हणून क्लस्टर असेल तर प्रत्येक नोडवर चालवा. त्याच बैठकीत ‘पीव्हीईएसएच गेट /क्लस्टर/बॅकअप-इन्फो/नॉट-बॅक्ड-अप’ हेही चालवा. कुठल्याच जॉबमध्ये नसलेली मशीन त्यात दिसतात.